सव्वा

बुधवार, रात्र

सकाळी देवापुढे बसलेल्या आईने हाक मारली. "पिंकीचा रिपोर्ट यायचाय. सिद्धरामाला सव्वा रुपया बांधून ठेवते. चार आणे हायत काय बघ कुठं."

हळदीचं फडकं पाटावर पसरलेलं, त्यावर एक रुपया. तो एकटा रुपया अजून डोळ्यापुढून हलत नाही.

मी म्हटलं, दोन ठेव. नाहीतर सव्वाशे ठेव, मी देतो. "सव्वा म्हंजे सव्वा. सव्वाशे बोलले नाही मी." रुपया पुरा झाला की हिशोब मिटला, वरचे चार आणे म्हणजे पुढचं चालू राहू दे, असं ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. पोरगा फोन घेऊन आला. आजी, बरोबर एक रुपया पंचवीस पैसे पाठवता येतात, म्हणत त्याने मला पाठवूनही दाखवले. आईने स्क्रीन बघितली. "आणि फडक्यात काय बांधू?"

तेव्हा बोर्नव्हिटाचा डबा आठवला आणि पोटात खड्डा पडला.

डबा आईचा. विड्या वळायची तेव्हापासूनचा. पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्या झाल्या की हजार. मजुरी हजारावर. कारखान्यात माल तपासताना विड्या बाजूला काढायचे, तेवढे पैसे कापले जायचे, आणि कापून उरलेल्या रकमेला शेवटी चिल्लर लागायचीच. नोटा घरखर्चाला, चिल्लर डब्यात. त्यातले चार आणे मला फार आवडायचे. १९८८ पासूनचे ते स्टीलचे, गेंड्याचं चित्र असलेले. लोहचुंबकाला माळेसारखे चिकटायचे. तंबाखूचा वास नाण्यांनाही यायचा. तिच्या पदराला यायचा तोच.

मग सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बंद करायचं ठरवलं. बदलून घ्यायची शेवटची तारीख २९ जून २०११, ३० जूनपासून बाद. पेपरात वाचलं आणि मीच डबा उचलून बँकेत गेलो. दीडशे नाणी भरली. साडेसदतीस रुपये. वरचे आठ आणे बँकेने दिले, तेही मी मोजून घेतले. घरी येऊन नोटा आईच्या हातावर ठेवल्या आणि वेळेत काम केलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

तिला विचारलं नव्हतं. आज दिवसभर ऑफिसात एवढंच डोक्यात होतं. ती तेव्हा काही बोलली नाही. रिकामा डबा धुऊन तिने त्यात मोहरी भरली.

बरोबरच केलं, असं स्वतःला समजावूनही पाहिलं. नसते बदलले तर दीडशे चकत्या झाल्या असत्या. रुपयाची किंमत घसरत गेली, नाणं पाडायचा खर्च त्याच्यावरच्या आकड्याहून जास्त होऊ लागला, कुठलंही सरकार किती दिवस चालवणार. हे सगळं मला कळतं. पण तो डबा माझा नव्हता.

संध्याकाळी सुटल्यावर नव्या पेठेत तीन दुकानांत विचारलं. एकाने ड्रॉवर ओढून दाखवला. दहाची, पाचची, दोनची. "रुपयाच कुणी घेईना साहेब, चार आण्याचं काय घेऊन बसलात." पुढे मंगळवार पेठेत एक जण जुनी कुलपं, पितळी दिवे आणि नाणी मांडून बसला होता. पुठ्ठ्यावर दहा पैशांची फुलासारखी, पाच पैशांची चौकोनी, आणि एका कोपऱ्यात गेंडा. चाळीस रुपये म्हणाला. घासाघीस केली नाही. चार आण्यासाठी घासाघीस करायचं जिवावर आलं.

आईने ते नाणं चष्मा लावून बघितलं. उलटंपालटं केलं. नाकाशी नेलं. मग माझ्या हातात परत दिलं. "कुणाच्या घरातलं असंल काय की. दुसऱ्याच्या डब्यातलं आपल्या नवसाला नको."

मी तिथेच खाली बसलो. म्हटलं, आई, तेव्हा तुला न विचारता डबा नेला मी.

ती हसली. "तू नेणार ते ठाऊक होतं मला. पेपर वाचून दाखवलास की. मूठभर आधीच काढून घेतले होते."

म्हणजे ही चौदा वर्षं सव्वा होतच होता! ताईच्या बाळंतपणाला, माझ्या बदलीला, पोराच्या दहावीला. देवापुढच्या पिवळ्या पुरचुंड्या मी दर वेळी बघितल्या, आतले चार आणे कुठून आले हे एकदाही विचारलं नाही. शेवटचं नाणं गेल्या गड्ड्याच्या जत्रेला सिद्धरामाच्या पेटीत गेलं. आईच्या लेखी ते बाद झालं नव्हतं, संपलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण तिला माझ्यापासून मूठभर नाणी लपवून ठेवावी लागली, ते कुठं ठेवू?

पिंकीचा फोन आला होता. रिपोर्ट शुक्रवारी. आवाज चांगला होता तिचा.

आई बराच वेळ पाटावर बसून होती. मग बटव्यातून आठ आणे काढले. "हे चालतंय काय अजून?" चालतं, म्हटलं. कायद्याने आठ आणे बाद नाहीत, दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्यात देताही येते. दुकानदार घेत नाहीत ही गोष्ट वेगळी. पण आठ आण्यांनी दीड होतो, अडीच होतो, सव्वा कसा होणार?

"अडीच म्हंजे दोन सव्वाच की," ती म्हणाली. "अजून एक रुपया दे."

मी खिशातून रुपया काढून दिला. तिने दोन रुपये आणि आठ आणे फडक्यात ठेवले, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या आणि पुरचुंडी देवाच्या फोटोमागे सारली.

एक सव्वा पिंकीचा. दुसरा कुणाचा, मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं," म्हणाली आणि दिवा शांत करून झोपायला गेली. चाळीस रुपयांचे चार आणे इथे वहीवर ठेवलेत. उद्या जाता जाता त्या माणसाला परत देऊन येईन, पैसे मागणार नाही.