टेन-सिक्स्टी की फाइव्ह-एटी

भाच्याला कार्ड हवंय. आमच्या घरात पूर्वी कार्ड म्हटलं की रेशनचं, मग आधारचं, हल्ली ग्राफिक्सचं, म्हणजे कम्प्युटरमध्ये गेमचं चित्र काढणारं. बजेट सहा हजार, आणि त्यातही बराचसा वाटा आजीकडून उकळलेला. एवढ्या पैशात नव्या कार्डाच्या दुकानात नुसतं एसीच्या हवेला उभं राहता येतं. म्हणून जुना बाजार. आणि जुन्या बाजारात या किमतीला येऊन थांबलं की गेली कित्येक वर्षं प्रश्न एकच असतो: एनव्हिडियाचं जीटीएक्स 1060 की एएमडीचं आरएक्स 580?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून बरं वाटतं. नव्या वस्तूंची तुलना करण्यात मजा नाही, ते काम जाहिरातवाले करतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. जुन्या दोन वस्तू समोर ठेवल्या की दोघींची कुंडली उघडी असते. कोण कुठे तापलं, कुणाला कुणी सावरलं, सगळं माहीत. शिवाय या दोन्ही कार्डांचं आता कंपन्यांनाही सोयरसुतक उरलेलं नाही. भांडायला आपण मोकळे.

तर कुंडली. 1060 जुलै 2016 चं. सहा जीबीचं मॉडेल, अमेरिकेत 249 डॉलरपासून. 580 एप्रिल 2017 चं, आठ जीबीला 229 डॉलर. म्हणजे 580 धाकटं, असं वाटतं. पण ते खरं नाही. 580 म्हणजे जून 2016 मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स 480 च, वेग थोडा वाढवून आणि जास्त वीज पाजून पुन्हा मांडलेलं. त्या 480 ने आल्याआल्याच एक गोंधळ घातला होता. मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत वीज ओढायची असा नियम आहे, ते त्याहून जास्त ओढत होतं. एएमडीला आठ-दहा दिवसांतच नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून ते आवरावं लागलं. तेव्हा 1060 आणि 580 खरं तर एकाच वर्षातली. एक नाव बदलून पुन्हा आलं इतकंच.

कागदावर पाहिलं तर 580 ने सामना पहिल्याच षटकात संपवायला हवा होता. गणिताची कच्ची ताकद 580 ची सव्वासहा टेराफ्लॉपच्या आसपास, 1060 ची साडेचारच्याही आत (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं). मेमरी आठ जीबी विरुद्ध सहा. मेमरीचा रस्ता 256 बिट विरुद्ध 192. आणि तरीही 2016-17 मध्ये बहुतेक गेममध्ये 1060 बरोबरीला किंवा सेकंदाला चार फ्रेम, म्हणजे चार चित्रं, पुढेच असायचं, तेही 120 वॉटमध्ये. 580 ला 185 लागायचे. तेव्हा सल्ला देणं सोपं होतं. डोळे मिटून 1060 सांगायचं.

गंमत पुढे झाली. ती ताकद कुठे जात होती, तर बसून राहत होती. त्या काळातले गेम मुख्यतः डायरेक्ट-एक्स 11 या दुभाष्यामार्फत कार्डाशी बोलायचे. त्यात प्रोसेसरने कार्डाला काम वाढून द्यायचं असतं, आणि ते वाढण्याचं काम एनव्हिडियाचा ड्रायव्हर फार चलाखीने करायचा. एएमडीचा ड्रायव्हर तिथे कमी पडायचा, त्यामुळे कार्ड अर्धवट उपाशी. पुढे व्हल्कन आणि डायरेक्ट-एक्स 12 हे नवे दुभाषे आले, गेम बनवणारे कार्डाशी जास्त थेट बोलायला लागले, आणि एएमडीचा बसून राहिलेला भाग कामाला लागला. 2016 च्या 'डूम'ला जुलैमध्ये व्हल्कनचा पॅच आला तेव्हाच याची चुणूक दिसली होती. एएमडीच्या कार्डांवर फ्रेम एकदम उसळल्या आणि एनव्हिडियावाले म्हणाले, एका गेमचं काय घेऊन बसलात. मग असे गेम वाढत गेले. आज नव्यातले गेम लावून पाहिले तर 580 सहसा पुढे असतं. दोन्ही कार्डांत एक ट्रान्झिस्टरही बदललेला नाही, निकाल मात्र फिरला. जुन्या कार्डांच्या तुलनेत मला रस वाटतो तो इथेच. वस्तू तीच, पण आजूबाजूचं जग हललं की तिची किंमत हलते.

मेमरीचंही तसंच. सहा जीबी तेव्हा भरपूर होती, दोन जीबी जास्तीची ही निव्वळ बढाई वाटायची. पण गेममधलं टेक्श्चर नावाचं सेटिंग मोठं विचित्र आहे. भिंतीवरचं शेवाळ, घोड्याची आयाळ, पात्राच्या जॅकेटची शिवण हे सगळं त्यात येतं. मेमरीत मावत असेल तर ते हायवर ठेवायला वेग जवळजवळ खर्चच होत नाही, आणि मावत नसेल तर गेम चालता चालता ठेच लागल्यासारखा अडतो. सरासरी फ्रेमच्या आकड्यात ही ठेच दिसत नाही, खेळणाऱ्याला मात्र बरोबर लागते. म्हणून आजच्या घडीला 580 च्या त्या दोन जीबी मला फ्रेमपेक्षा मोलाच्या वाटतात.

आता 1060 च्या बाजूने. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात दर महिन्याला लोकांच्या कम्प्युटरचा जो सर्व्हे होतो, त्यात हे कार्ड वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर होतं. 2022 च्या अखेरीस त्याला खाली खेचलं ते एनव्हिडियाच्याच जीटीएक्स 1650 ने, म्हणजे त्याच्याहून हळू कार्डाने! लोकप्रियतेचं असंच असतं. पण इतक्या लोकांकडे ते असल्यामुळे गेम बनवणाऱ्यांना त्याचा विचार करावाच लागायचा. 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' आला तेव्हा 1060 'शिफारस' या रकान्यात होतं. तीन वर्षांनी त्याच गेमच्या नव्या यादीत ते 'किमान'च्या रकान्यात उतरलं, आणि शेजारी 580 बसलेलं. दोन्ही म्हातारी एकाच बाकावर.

यातला एक उपरोध मला फार आवडतो. एनव्हिडियाचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं डीएलएसएस 1060 वर चालतच नाही, त्याला नवी पिढी लागते. एएमडीने 2021 मध्ये आणलेलं एफएसआर मात्र सगळ्यांना खुलं होतं. म्हणजे एनव्हिडियाच्या जुन्या कार्डाला उतारवयात काठी दिली ती प्रतिस्पर्ध्याने. आणि 2025 च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाने या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर थांबवले, यापुढे नुसते सुरक्षेपुरते. त्या शेवटच्या ड्रायव्हर-मालिकेचा क्रमांक काय असावा? 580! कुणीतरी मुद्दाम केलं असावं इतकं हे जुळलंय. एएमडीनेही 580 चे ड्रायव्हर आधीच बाजूला काढून ठेवलेत; लिनक्सवाल्यांना मात्र चिंता नाही, तिथे खुल्या ड्रायव्हरवर ते अजून मजेत चालतं.

विजेचा मुद्दा भाच्याच्या वडिलांनी काढला. कागदावरचा फरक 65 वॉटचा. रोज तीन तास खेळला तर महिन्याला सहा युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर साठ रुपये. दाजींचं समाधान झालं. पण खरा प्रश्न बिलाचा नव्हताच, उष्णतेचा होता. भाचा अकोल्याचा. मे महिन्यात तिथे बाहेर 45 अंश असतात आणि घरातला कूलर आजोबांच्या खोलीत. तिथे कॅबिनेटमध्ये 185 वॉटची शेगडी म्हणजे विचार करायची गोष्ट. त्यावर उपाय आहे. 580 ला व्होल्टेज जरा कमी करून चालवता येतं, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येच ती सोय आहे, आणि थोडंसं कमी केलं तरी वेग फारसा पडत नाही, पंखे मात्र शांत होतात. 1060 ला मुळात याची गरजच पडत नाही.

एवढा अभ्यास करून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ते नाव घेतलं तर टॅक्सीवालाही दोनदा विचारतो. वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात काउंटरवर एका कागदी खोक्यात कार्डं उभी लावून ठेवलेली, पंख्यांच्या पात्यांना करडी धूळ, एखाद्याच्या मागच्या पट्टीवर गंजाची सुरुवात. ही मुंबईची हवा. गाळ्यातला पोरगा म्हणाला, "दादा, बिनधास्त न्या. माइनिंगचं नाही हां, फक्त गेमिंगला वापरलंय." हे वाक्य प्रत्येक गाळ्यात ऐकलं. त्यावर विश्वास ठेवायचा तर आपल्या देशात माइनिंग, म्हणजे कार्डाकडून गणितं करवून डिजिटल नाणी कमावणं, कुणी केलंच नाही.

केलं, आणि भरपूर केलं. इथेरियम नावाचं तसलं नाणं काढायला मेमरीचा वेग लागायचा, आणि 580 चा रस्ता रुंद. म्हणून 2017 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये ही कार्डं लोखंडी रॅकवर सहा-सहा, आठ-आठ लटकून दिवसरात्र राबली, आणि गेम खेळणाऱ्यांना दुप्पट भावातही मिळेनाशी झाली. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने पद्धतच बदलली आणि एका दिवसात तो सगळा धंदा बसला. रॅकवरची कार्डं पुसूनपासून बाजारात आली. जुनी स्कूटर घेताना निदान किलोमीटरचा काटा तरी बघता येतो, भले तो फिरवलेला असेल. कार्डाला काटाच नाही. ते किती चाललंय हे कुणीच सांगू शकत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर माइनिंगवालं कार्ड म्हणून लगेच नाक मुरडू नये. शहाणा माइनर व्होल्टेज कमी करून, एकाच तापमानाला चालवतो. गेम खेळणारा पोरगा बंद कॅबिनेटमध्ये ते तापवतो, थंड करतो, पुन्हा तापवतो. जातात ते पंख्याचे बेअरिंग आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड. पंखा बोटाने फिरवून बघावा: अडखळला, खरखरला तर भाव तिथेच खाली येतो. दुसरी खूण अशी की माइनर लोक 580 चा बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून ठेवत. असं कार्ड डिस्प्ले देतं, विंडोज सुरू होते, आणि ड्रायव्हर टाकायला गेलं की तो बसतच नाही. दुकानदार मग "नेट स्लो आहे" म्हणतो. मूळ बायोस परत टाकला की कार्ड ताळ्यावर येतं, पण ते काम त्याने करावं, आपण नव्हे.

आणि नावाचे भाऊ. 580 च्या नावाने एक '2048 एसपी' म्हणून कार्ड फिरतं. मुळात चीनसाठी काढलेलं, आत निघतं जवळजवळ 570, म्हणजे खालचं मॉडेल. खऱ्या 580 मध्ये 2304 शेडर, म्हणजे गणित करणारे छोटे भाग, असतात, जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर उघडून तो आकडा बघायचा, बाकी गप्पा नंतर. 1060 चीही तऱ्हा तीच. तीन जीबीवाल्या 1060 मध्ये नुसती मेमरीच कमी नाही, कोअरही कापलेत, 1280 चे 1152. तरी नाव तेच ठेवलं. शिवाय एक पी-106 असतं, ते तर खास माइनिंगसाठी काढलेलं 1060, मागे मॉनिटरची वायर लावायला जागाच नाही. पोरं तेही घेतात आणि मदरबोर्डच्या डिस्प्लेमधून जुगाड करून चालवतात. मला त्या पोरांचं कौतुक आहे, पण भाच्याला त्या नादी लावणार नाही.

संध्याकाळी फोनवर भाच्याला विचारलं, खेळणार काय आहेस? म्हणाला, "जीटीए फाइव्ह, मामा. आणि जमलं तर रेड डेड टू." मॉनिटर? साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. म्हणजे साठाच्या वरच्या फ्रेमवरून आम्ही घातलेला सगळा वाद त्याला दिसणारसुद्धा नाही. जीटीए दोन्हीवर आरामात चालतो. रेड डेड 2019 मध्ये कम्प्युटरवर आला तेव्हा शिफारशीत एका बाजूला 1060 सहा जीबी आणि दुसऱ्या बाजूला 480 च होतं.

मग त्याला कॅबिनेटचं झाकण काढून फोटो पाठवायला सांगितलं. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, 240 वॉटचा. त्यातून कार्डाला द्यायची सहा पिनची वायरसुद्धा निघत नाही, आठ पिनची तर लांबच. बरं, ऑफिसच्या या मशीनना मदरबोर्डचा कनेक्टरही काही वेळा वेगळा असतो. तिथे साधा एसएमपीएस लावायला एक अडॅप्टर वायर शोधावी लागते. म्हणजे कार्ड कुठलंही घ्या, आधी बरा साडेचारशे वॉटचा एसएमपीएस घेणं आलं. त्यात हलकं काही घ्यायचं नाही, कारण तो गेला तर जाताना कार्डाला सोबत घेऊन जातो. दोन हजार तिथे गेले. उरले चार.

चार हजारात सहा जीबीचं 1060 त्या गाळ्यात कुणी द्यायला तयार नव्हतं. एनव्हिडियाच्या नावाचे हजार-पाचशे जास्तीचे मागतात आणि मिळतातही. जुन्या आय-फाइव्हला ते थोडं जास्त मानवलं असतं, डायरेक्ट-एक्स 11 चा तो जुना हिशोब तिथे अजून लागू आहे. पण साठ हर्ट्झच्या मॉनिटरसमोर तेवढा फरक मी सोडून देतो. 580 आठ जीबी, 2304 शेडर, पंखे बरे, मागच्या पट्टीवर गंज नाही, असं एक बाजूला काढून ठेवलंय. पोरगा साडेचार म्हणतोय, वर एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी. मी चार म्हणतोय, आणि माझ्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखव म्हणतोय. गेम दाखवायला तो तयार आहे. पाचशेवर अडलंय.