भोंगा सातला वाजतो, गुरुजींना भेटा साडेआठनंतर: मोहित्यांचे वडगावची संध्याकाळ

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. मधला दीड तास अभ्यासाचा. 2022च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास हे सुरू झालं. करोनात शाळा मोबाईलवर आली होती. वर्ग पुन्हा भरले तरी मोबाईल काही पोरांच्या हातून सुटेना, म्हणून गावाने हा मार्ग काढला. सुरुवातीला घरोघर जाऊन समजवायला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक बाहेर पडले. नुसता भोंगा ऐकून परतलात, तर पाहण्यासारखं निम्मंच पाहिलं. खरं शिकायला मिळतं ते या निवृत्त गुरुजींकडून.

साडेसहाच्या आत गावात पोहोचा. मोबाईल सायलेंटवर नको, बंदच करा. पाहुण्याच्या खिशात फोन वाजला तर दारातलं पोर पुस्तक सोडून त्याच्याकडेच बघणार. चार-पाच जणांपेक्षा जास्त जाऊ नका. सात ते साडेआठ गुरुजी घरोघर फेरी मारत असताना त्यांना प्रश्न विचारू नका, त्यांच्या मागून गुमान चाला. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. दोन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवलं तर गप्पांना निवांत वेळ मिळतो. शाल-नारळ नेण्यापेक्षा, शाळेला काय हवंय ते विचारून गोष्टींची पुस्तकं किंवा शब्दकोश न्या.

साडेआठनंतर ओट्यावर बसून गुरुजींशी झालेल्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असं: पोरांचा मोबाईल काढून घेणं सोपं, मोठ्यांचा टीव्ही बंद होणं अवघड. आतल्या खोलीत मालिकेचा आवाज येत असेल तर बाहेर पोराचं चित्त लागत नाही. म्हणून टीव्ही-मोबाईल बंदचा ठराव आधी बायकांच्या सभेत पटवून घ्यायचा. सातच्या मालिका त्यांनी सोडल्या तरच घर शांत होतं. दंडाची भाषा नको, दंड आला की भांडणं आणि राजकारण शिरतं. दुसरीतलं पोर दीड तास सलग बसत नाही. अर्धा तास मोठ्याने वाचन, मग पाढे-गणितं, शेवटी शुद्धलेखन, असे तुकडे पाडावे लागतात. आईवडील शिकलेले नसले तरी चालतं, शेजारी बसून पोराचं वाचन ऐकलं तरी पुरे.

आपल्या गावात हे करायचं असेल तर पहिल्याच आठवड्यात काय अडतं, तेही ध्यानात ठेवा. मळ्यातल्या वस्त्यांपर्यंत भोंगा पोहोचत नाही. तिथे वेळ सांगणारा एक माणूस नेमावा लागतो. वीज गेली तर भोंगाही गप्प आणि दिवाही, तेव्हा बॅटरीची सोय आधीच हवी. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर पोराला मोबाईल लागणारच. शिक्षकांशी बोलून तो वहीत लिहून द्यायची व्यवस्था करा. आणि क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी सूट दिलीत की घडी विस्कटलीच समजा. फेरी किमान पहिले तीन महिने रोज हवी, असं आमचं ठाम मत. भोंग्याची सवय कानाला लवकर लागते. सातला कुणीतरी दारात येऊन उभं राहतंय, या जाणिवेनेच हात रिमोटवरून मागे येतो.

दुपार मोकळी असेल तर देवराष्ट्रे गाठा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, 12 मार्च 1913चा. जन्मघर पाहता येतं. शेजारी सागरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं. उघड्या डोंगरावर झाडं लावून ते उभं करण्यामागे धों. म. मोहिते यांचे कष्ट आहेत. पाणी सोबत ठेवा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी पुणे-मिरज मार्गावरची ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही जवळची स्टेशनं. ताकारीला मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून थांबा बघूनच तिकीट काढा. गप्पा संपेपर्यंत साडेनऊ होतात आणि तेव्हा एसटीचा भरवसा धरू नये. स्वतःची गाडी नसेल तर परतीची रिक्षा आधीच ठरवा, मुक्काम कराड किंवा विट्यात करा. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसलेल्याही चालतात. वेग कमीच ठेवा.