मामांचा दिवा

इंदुरात रोज सकाळी कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. ओलं वेगळं, सुकं वेगळं करून आम्ही दारात उभे असतो. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावात राहायचं तर एवढी शिस्त अंगात मुरतेच. पण सुक्यातून जे बाहेर जायला हवं त्यातलं निम्मं मी माळ्यावर सरकवते, आणि वर दर पंधरा दिवसांनी आणखी काहीतरी विकत आणते. "अख्खं इंदूर अटाला घराबाहेर काढतंय आणि ही घरात आणतेय," हे सासूबाईंचं वाक्य पाहुण्यांना पाठ झालं आहे. गाडीवाल्यालाही त्यांनी ते एकदा हिंदीतून ऐकवलं.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला अटाला हा शब्द कळत नाही. तिकडे भंगार म्हणतात. मला आमचाच शब्द बरा वाटतो. भंगार म्हटलं की वस्तूचं जे व्हायचं ते होऊन गेलं. अटाल्यातली वस्तू नुसती आडवी पडलेली असते, कोणी हात दिला तर उठूनही बसते.

सगळ्याच उठून बसतात असं नाही. पहिली मी कोळशाची इस्त्री आणली होती, पुढच्या खिट्टीवर कोंबडा बसलेला असतो ना, तसली. तिच्यात माती भरून चिनी गुलाब लावला. दोन महिने खिडकीत फार ऐटीत होती. मग पावसाळा आला. खाली पाणी जायला वाट नव्हती, मुळं कुजली, आणि इस्त्री उचलली तर खिडकीच्या पांढऱ्या फरशीवर गंजाची जहाजासारखी आकृती उमटलेली. ती अजून गेलेली नाही. आता लोखंडाच्या कशातही झाड ठेवायचं तर आत प्लास्टिकची कुंडी बसवते आणि खाली चार कवड्या चिकटवते. हे शहाणपण त्या फरशीच्या बदल्यात आलं.

धान्याची मापं मात्र साधली. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर. प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. दिवाणखान्याच्या फळीवर चढत्या भांजणीनं मांडली आणि त्यांत मेणबत्त्या ठेवल्या. मुलाला वाटलं मी सेट आणला. सेट कसला, एकेक माप वेगवेगळ्या ढिगाऱ्यातून वेचलेलं, कुणाचा काठ वळलेला, कुणाला कडी नाही. निळवं अजून मिळालेलं नाही. ते शेराचा सोळावा भाग. एवढीशी वस्तू लोक जपून ठेवत नाहीत, पोरं खेळायला नेतात आणि हरवतात. फळीच्या एका टोकाला मी त्याची जागा मोकळी सोडली आहे. आल्यागेल्याला ती मोकळी जागाच आधी दिसते.

सायकलच्या सीटचं प्रकरण थोडक्यात सांगते. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. फोटो पाहून मी दोन्ही घेऊन आले, वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतलं, भिंतीला लावलं. सासूबाई समोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकीची सायकल कधी आणणार?" ते मी त्याच संध्याकाळी उतरवलं.

आता घागरीकडे येते.

गेल्या पावसाळ्यात राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात कुकरची शिट्टी घ्यायला गेले होते. अशा दुकानांच्या मागच्या अंगाला मोडीचा ढीग असतो. चेपलेली तपेली, कान तुटलेली घंगाळं, बूड गेलेले हंडे. हे सगळं पुढे भट्टीत वितळायला जातं. त्या ढिगात एक पितळी घागर आडवी पडली होती. पोटाला मोठा चेप, बुडाला भोक, ते कधीतरी झाळून घेतलेलं आणि झाळही सुटलेली. उचलून गळ्यावरची धूळ पदरानं पुसली तर खाली अक्षरं होती. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतात, छिन्नीचे ठोके मारत, ठिपक्याठिपक्यांचं. वाचलं. 'सौ.' पुढे काही नाही, गुळगुळीत. मग 'हिस मामांकडून सप्रेम भेट'. खाली 'मे १९५८'.

"पीतल है भाभीजी, वजन से जाएगा," दुकानदार म्हणाला. साडेतीन किलो भरली. दशमान वजनं आपल्याकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून हळूहळू येत गेली. म्हणजे मामांनी मे महिन्यात ही घागर नक्की शेरावर तोलून घेतली असणार. तो शेर ८० तोळ्यांचा, आपल्या किलोहून जरा हलका. तोलणारा बदलला, तराजूतलं वजन बदललं, घागर तीच. दुकानदारानं आपणहून सुचवलं, "बफ मरवा दूँ? एकदम नई दिखेगी." मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग लक्षात आलं की बफचं, म्हणजे पॉलिशचं, चाक फिरलं की उरलेले ठिपकेही जाणार. नको म्हटलं. शिट्टी घ्यायची तेवढी राहिली.

घरी आणली तेव्हा मला वाटलं, आता नेहमीचं वाक्य येणार. ते आलं नाही. सासूबाईंनी घागर मांडीवर आडवी घेतली आणि चष्मा वर करून त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला.

"नाव झिजलं कसं असेल?" मी म्हटलं.

"झिजलं कसलं? घासून गेलंय. राख, चिंच, नारळाची शेंडी. रोज सकाळी. गळ्याशी हात जास्त चालतो, तिथंच बोटांचे डाग पडतात ना." मग जरा थांबून, "बाईनं स्वतःचंच नाव घासून काढलं बघ. मामा तेवढे राहिले, पलीकडच्या अंगाला होते म्हणून."

मग आमच्या घरच्या पितळेची कथा निघाली. ती मी तुटक तुटक ऐकली होती, सलग कधी नाही. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा दोन हंडे, तीन घागरी, एक घंगाळ आणि न मोजलेली पातेली होती. ती सगळी त्यांच्या वाट्याला. पातेल्यांना कल्हई लागायची. कल्हईवाला वेळेवर आला नाही की कथिल उडालेल्या जागी आंबट लागायचं आणि आमटी कळकायची. "आमटी कळकली की दोष कल्हईवाल्याचा नसतो, सुनेचा असतो." सत्तरच्या दशकात एक दिवस त्यांनी हे सगळं मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे आणले. एरवी त्या बाजारातून पायी यायच्या. त्या दिवशी टांगा केला, आणि डबे पायाशी न ठेवता शेजारी सीटवर ठेवले.

"हळहळ नाही वाटली?" मी विचारलं. हा प्रश्न माझा होता, त्यांना तो पडलेलाच नव्हता.

"तू घंगाळ घासून बघ. मग हळहळ."

मी घागर रोज घासलेली नाही. पितळ माझ्याकडे कोपऱ्यात बसायला येतं, कामाला नाही. म्हणून ते मला सुंदर दिसतं, हे मला त्यांच्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही. शिवाय मोडीत घालण्याच्या बाबतीत आमच्या घराला एकट्यानं का लाजावं? इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुकाराकडून. आतलं सामान त्या काळातल्या युरोपातल्या सर्वांत नव्या हातांचं, त्यात आयलीन ग्रेची आरामखुर्चीही. १९८० मध्ये त्या सामानाचा लिलाव मोनॅकोत झाला आणि वस्तू जगभर पांगल्या. राजवाड्यात आता केंद्राचं जीएसटी कार्यालय आहे. नवरा माझ्या खरेदीवर बोलायला लागला की मी त्याला ही गोष्ट सांगते. तो म्हणतो, "लिलावात त्यांना पैसे मिळाले होते. आपण देतोय." मुद्दा बिनतोड आहे, पण माझा विषय बदलत नाही.

घागरीचा दिवा करायचं ठरलं. बुडाला भोक आयतंच होतं, वायर तिथूनच आत घेतली. आमच्या वायरमननं दोन तारांची वायर काढली तेव्हा मी अडवलं. अख्खं शरीर धातूचं, एखादी तार आत उघडी पडली तर हात लावणाऱ्याची खैर नाही. तीन तारांची वायर, तिसरी घागरीच्या धातूला घट्ट जोडून अर्थिंगची, आणि भोकाच्या धारेनं वायर कापू नये म्हणून रबरी वायसर. "भाभीजी, इतना तो फ्रिज में भी कोई नहीं देखता," तो म्हणाला. फ्रिजला माझे हात रोज उठून कुरवाळत नाहीत. चेप काढला नाही. तो भिंतीकडे केला.

टोपीचा प्रश्न आठवडाभर लोंबकळला. कापडी टोपी घालून पाहिली, हॉटेलातल्या खोलीसारखी दिसायला लागली. बांबूची परडी उलटी घातली, ती मांजरानं पळवली. शेवटी सासूबाईंनीच स्वयंपाकघरातून गव्हाची जुनी चाळणी आणून दिली, कडा सुटलेली. "ही टाकायचीच होती," असं म्हणाल्या. गेली सहा वर्षं ती टाकायचीच होती. वायरमननं चाळणी होल्डरवर उलटी बसवली, बल्ब एलईडीचा, म्हणजे फारसा तापणार नाही. बटण दाबलं आणि छतावर ठिपकेच ठिपके पडले, अगदी मामांच्या अक्षरांसारखे, फक्त वाचता न येणारे.

दिवा सासूबाईंच्या खोलीत गेला. मी तो दिवाणखान्यासाठी केला होता, पण तिथे उजेड जास्त आणि तिथले ठिपके दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. गळा मी चकचकीत केला नाही. पोट पितांबरीनं उजळलं आणि गळ्याशी येऊन हात थांबवला. तिथे पितळ काळपट तपकिरी आहे, आणि दिवा लागला की अक्षरं उजळतात. 'सौ.' नंतरच्या गुळगुळीत जागेत काही दिसत नाही. सासूबाईंनी तिथे एकदोनदा नावं बसवून पाहिली. "कुसुम असेल. नाही, जागा मोठी आहे. सुशीला." मग तो नादही सोडला.

परवा पुण्याची मावसबहीण राहायला आली होती. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही बाहेर गप्पा मारत होतो. आतून आवाज आला, "अगं, मामांना मालव गं आता."

बहीण दचकली. "कोणाचे मामा आलेत?"

"हिचे नव्हेत," आतूनच उत्तर आलं, "माझेही नव्हेत. घागरीचे."