अंतरा-ट्रॅपी चर्ट: पातळ चकती कुठवर आली

मागच्या नोंदीत ज्या चर्टचा (गारगोटीसारख्या कठीण दगडाचा) फोटो टाकला होता, तो अंतरा-ट्रॅपी, म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या थरातला; आतले जीवाश्म बघायला केलेली त्याची चकती आता काचेवर चिकटली आहे आणि तिच्यातून उजेड आरपार जायला लागलाय. दगड नागपूरच्या पश्चिमेकडच्या एका वावराच्या धुऱ्यावरचा. बेसाल्ट झिजून त्याची काळी माती होते, चर्ट मात्र तसाच राहतो आणि नांगराला लागतो, म्हणून शेतकरी तो उचलून धुऱ्यावर टाकतात. मालकाला विचारूनच घेतला. पण धुऱ्यावरच्या दगडाची मूळ जागा हरवलेली असते, म्हणून शेजारच्या नाल्यात जिथे थर उघडा पडलाय तिथली नोंदही घेतली. खाली बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट, त्यावर हातभर हिरवट-करडी माती, त्या मातीत चर्टची पट्टी, आणि सगळ्यांवर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा बेसाल्टचा दुसरा प्रवाह.

घासण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. चर्टचा कठीणपणा क्वार्ट्झइतकाच, म्हणजे दहाच्या मोह्स मापात सात, त्यामुळे घाई चालत नाही. पहिला काप ग्रॅनाइट कापणाऱ्याकडून हिऱ्याच्या ब्लेडवर, पाण्याखाली करून घेतला. मग जाड काचेवर कार्बोरंडम (घासायची कठीण) पावडर, नंबर वाढेल तशी बारीक: 220, 400, 600, शेवटी 1000. प्रत्येक नंबर बदलताना दगड, हात, नखं आणि काच ब्रशने धुवायची, कारण आधीच्या पावडरचा एक कण राहिला तरी पुढच्या सगळ्या मेहनतीवर चरा पडतो. स्लाइडची एक बाजू 600 वर खरवडून घेतली, दोन्ही वस्तू तव्यावर हलक्या गरम करून ओल काढली आणि सावकाश सुकणाऱ्या अराल्डाइटने चिकटवल्या. बुडबुडे बाहेर ढकलायला पेन्सिलच्या मागच्या रबराने मधून कडेकडे दाबत जावं. हे सगळं ओल्यातच करा. कोरडी क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

शेवटची जाडी 30 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 30 हजारांश हवी. ती मोजायला मीटर लागत नाही. दोन पोलरॉइड फिल्म आडव्या-उभ्या लावून बघितलं की शंखाच्या पोकळीत वाढलेले क्वार्ट्झचे मोठे स्फटिक करडे-पांढरे दिसायला हवेत. माझे अजून पिवळे दिसतात, म्हणजे थोडं घासायचं राहिलंय. आता फक्त 1000 नंबर, आणि बोटाचा दाब जाड बाजूला.

पिवळेपणासकट जे दिसतंय तेच इतकं आहे की डोळा काढवत नाही. एका कोपऱ्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरचं एक वर्तुळ आहे आणि त्याच्या कडेला एकसारख्या अंतरावर गोलसर दाते. हे कॅरा या गोड्या पाण्यातल्या वनस्पतीचं फळ. फळाभोवती पाच पेशी पिळासारख्या गुंडाळलेल्या असतात, आणि कापात त्या पिळांच्या कडा दात्यांसारख्या दिसतात. दगडाच्या झिजलेल्या पृष्ठभागावर अख्खं फळ सापडलं तर साध्या भिंगातूनही पीळ डावीकडे चढताना दिसतो. कॅरा आजही तळ्यांमध्ये वाढते. तिला उथळ, संथ आणि नितळ पाणी लागतं, गढूळ पाण्यात तिच्यापर्यंत उजेड पोचत नाही.

त्याच दगडाच्या न कापलेल्या बाजूला फायसा प्रिन्सेपाय या गोगलगायीचा शंख आहे. ओळखायला सोपा: टोक वर धरलं की तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. सॉवर्बीने 1840 मध्ये हे नाव दिलं, आणि दख्खनच्या अंतरा-ट्रॅपी थरांची ही जणू ओळखखूणच आहे.

आता या चकतीचा ज्या प्रश्नाशी संबंध आहे तो सांगतो. एकदा दगड दाखवायला मांडले होते तेव्हा एका ताईंनी विचारलं, "भाऊ, हे सगळं जलप्रलयातच गाडलं गेलं ना? आमच्या अभ्यासवर्गात तसंच शिकवतात." प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून उत्तरही दगडातूनच द्यायचं ठरवलं. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आणि जीवाश्मांचे बहुतेक थर बायबलमधल्या एका वर्षाच्या प्रलयात साचले, हे प्रलय-भूविज्ञानाचं म्हणणं. आर्चबिशप अशर यांनी 1650 मध्ये सृष्टीची सुरुवात इसवी सनपूर्व 4004 अशी काढली होती. त्या चौकटीत माझा नाला बसतो का, एवढंच बघायचं.

मला तो बसत नाही असं दिसतं. आधी लाव्हाचा एक प्रवाह येऊन थंड झाला पाहिजे. हवाईतल्या किलाउएआ इकीमध्ये 1959 साली साचलेला शंभराहून अधिक मीटर खोल लाव्हा आतपर्यंत घट्ट व्हायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. आमचे प्रवाह तितके जाड नाहीत, पण दख्खनमध्ये ते एकावर एक असे चढले आहेत, आणि पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. मग त्या थंड खडकावर खोलगट जागी पाणी साचलं, गाळ बसला, कॅरा उगवली, फळली, गोगलगायी जन्मल्या, वाढल्या, मेल्या. त्यानंतरच वरचा प्रवाह आला. खवळलेल्या पाण्यात कॅराचं तळं तयार होत नाही.

मला सगळ्यात ठाम वाटतो तो पुरावा नकाशावर आहे. नागपूरच्या या थरांत गोड्या पाण्याचे शंख मिळतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या अंतरा-ट्रॅपी थरांत मात्र समुद्राचे आणि खाडीचे. समुद्र जिथे जवळ होता तिथे समुद्राचे जीव, जमिनीवर तळी होती तिथे तळ्यांचे. साऱ्या पृथ्वीवर एकच पाणी फिरलं असतं तर ही वाटणी टिकली नसती.

वयाचं म्हणाल तर 2019 मध्ये दोन वेगळ्या गटांनी दख्खनच्या लाव्हाची वयं प्रसिद्ध केली, एकाने प्रवाहांमधल्या थरांतल्या झिरकॉन या खनिजातल्या युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून, दुसऱ्याने खडकात साचलेल्या आरगॉन वायूवरून. तपशिलात त्यांचे मतभेद आहेत, पण दोघांचाही आकडा सुमारे 6.6 कोटी वर्षांचाच. अमेरिकेतल्या सृष्टिवादी (पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणाऱ्या) संशोधकांनी 1997 ते 2005 या काळात 'रेट' प्रकल्प केला आणि ज्यावरून ही वयं मोजतात तो किरणोत्सारी ऱ्हास पूर्वी कितीतरी पटींनी जलद झाला असं मांडलं. त्यातून निघालेल्या इतक्या उष्णतेचं काय झालं हा प्रश्न सुटलेला नाही, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. तो प्रामाणिकपणा मला आवडतो, आणि तो प्रश्न फार मोठा आहे असंही मला वाटतं.

या ताईंना मी स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दलही सांगितलं. नागपूरला येऊन राहिलेले स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे. नागपूरच्या टाकळीचे अंतरा-ट्रॅपी जीवाश्म त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी गोळा केले आणि 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लेख लिहिला. या थरांत त्यांना दिसली ती गोड्या पाण्याची तळी आणि त्यांच्यावर आलेला लाव्हा. राजमहेंद्रीचे शंख वेगळे आहेत हेही हिस्लॉप यांनीच पुढे मांडलं. थरांचं वय त्यांनी तृतीयक (डायनोसॉरनंतरचा काळ) धरलं होतं, आज यांतले बरेच थर त्याआधीच्या क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरीकडे जातात. ते श्रद्धाळू होते, धर्मोपदेशक होते, आणि तळं दिसलं तिथे त्यांनी तळंच लिहिलं. ताईंनी फायसाचा शंख हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला आणि पुढच्या वेळी मुलीला आणते म्हणाल्या.

पुढचं काम दोन बाजूंनी. ही चकती 30 मायक्रॉनवर आणून कॅराचे फोटो मोजपट्टीसह टाकतो. दुसरं, नागपूरजवळच्या सिलेवाड्याचा, या ट्रॅपहून कितीतरी जुना कामठी वालुकाश्म. हिस्लॉप यांना तिथे ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची पानं मिळाली होती. त्या थरात फुलझाडांचा मागमूस नाही, आणि ट्रॅपमधल्या चर्टमध्ये तर ताडाचं लाकूड मिळतं. दोन्ही एका टेबलावर शेजारी मांडायचे आहेत, म्हणजे मधला काळ ताईंच्या मुलीलाही दिसेल. वालुकाश्म ठिसूळ आहे, कापण्याआधी पातळ इपॉक्सी (अराल्डाइटसारखा गोंद) पाजावं लागेल. कुणी निर्वात पंप न वापरता हे नीट जमवलं असेल तर किती पातळ आणि किती गरम केलं ते कळवा. आणि राजमहेंद्रीच्या थरांतला शंखांचा चुनखडक कुणाकडे जास्तीचा असेल, तर माझ्याकडे बदल्यात द्यायला फायसाचे दोन चांगले तुकडे आहेत, नाल्याच्या नोंदीसह.