गोळीला कळत नाही कुठं दुखतंय

"ताई, पण गोळीला कसं कळतं की आपला गुडघाच दुखतोय?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे बरेच जण विचारतात, आणि विचारताना उगीच संकोचतात. मला हा प्रश्न फार आवडतो. औषधशास्त्राचा मोठा भाग त्याच्या उत्तरातच आहे.

गोळीला काहीही कळत नाही. ती रक्तात उतरते आणि रक्त जिथं जिथं जातं तिथं तिथं जाते. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध गुडघ्यात पोचतं तसं जठराच्या अस्तरापाशी आणि मूत्रपिंडातही पोचतं. गुडघ्यात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिनं ते थांबवतं, पण तीच द्रव्यं जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. "गोळीनं पोट जळतं, म्हणून सुईच घेते," असं म्हणणाऱ्या काकूंना मी म्हणूनच दोन मिनिटं थांबवते. सुईतलं औषधही रक्तातून फिरत जठरापर्यंत येतंच. सुई घेतल्यानं अल्सरचा धोका टळत नाही.

गिळलेल्या गोळीची वाट मात्र वेगळी. ती मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते आणि तिथलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे जुना जकात नाका, काही माल तिथंच काढून घेतला जातो आणि उरलेला पुढं जातो. कुठल्या औषधाचा किती हिस्सा जातो हे ठरलेलं असतं, गोळीची पॉवर ठरवताना तो हिशोब धरलेला असतो. हृदयरोग्याला दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची ती यासाठी. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातात, काही मिनिटांत आराम पडतो. तीच गोळी घाईत गिळली तर बराचसा भाग यकृतात मोडतो आणि उरलेला पोचायला वेळ लागतो. छातीत कळ आली असताना तेवढा वेळ हातात नसतो. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं, पेशंटला त्या क्षणी सांगायचं सुचेलच असं नाही.

आता थायरॉइडची गोळी. तिच्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती सगळ्यात जास्त वाया जाते. थायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, पंचवीस, पन्नास, शंभर. म्हणजे एका ग्रॅमचा दहा ते चाळीस हजारांवा भाग. इतक्या थोड्या औषधातलं थोडं जरी आतड्यात अडकलं तरी रिपोर्ट हलतो. चहा, कॉफी, नाश्ता, सगळ्यांनी शोषण कमी होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. म्हणून सकाळी उठल्यावर अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा किमान अर्ध्या तासानं, तासानं घेतला तर उत्तम. कॅल्शियम चार तासांनी. चाळिशीपुढच्या बायकांच्या चिठ्ठीवर थायरॉइड, कॅल्शियम आणि लोह तिन्ही असतात, आणि सकाळच्या गडबडीत तिन्ही एकदमच तोंडात जातात. मग टीएसएच (थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्तात वर जाणारा आकडा) वाढतो, डोस वाढतो, आणि खरं कारण त्या एकाच घोटात राहून जातं.

आणि टीएसएच पंधरा दिवसांनी तपासू नका. औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला जितका वेळ लागतो, तो त्याचा अर्धायुकाळ. पॅरासिटामॉलचा दोन-तीन तास, थायरॉक्सिनचा साधारण सात दिवस. रोज ठरल्या वेळी घेत राहिलं की साधारण पाच अर्धायुकाळांनी पातळी स्थिरावते. थायरॉइडच्या डोसचा खरा परिणाम बघायला डॉक्टर सहा आठवडे थांबायला सांगतात, ते उगीच नाही. बीपीच्या अॅम्लोडिपिनचा हाच काळ तीस ते पन्नास तास आहे. बीपीची गोळी सुरू करून दोनच दिवसांत "लागू पडत नाही" म्हणून पट्टी परत आणणाऱ्यांना मी आठवडाभर धीर धरायला सांगते, आणि बीपी फार जास्त असेल तर डॉक्टरांना फोन करायला.

एसआर लिहिलेली गोळी तोडू किंवा चावू नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

यकृताबद्दल आणखी एक गोष्ट टीबीच्या औषधांमुळे सांगावीच लागते. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून लोक विचारायला येतात. तो रंग निरुपद्रवी आहे. न दिसणारा परिणाम मोठा आहे: रिफाम्पिसिन यकृतातली विकरं (एन्झाइम) वाढवतं, आणि ती विकरं दुसरी औषधंही भराभर मोडतात. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, कितीतरी. टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईला फक्त गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावाच लागतो. कोर्स संपल्यावरही हा परिणाम ओसरायला काही आठवडे जातात. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. मधुमेहाचं मेटफॉर्मिन यकृतात मोडतच नाही, जसंच्या तसं मूत्रपिंडातून लघवीवाटे जातं. मूत्रपिंड मंदावलं की ते अंगात साठतं. वय झालेल्या बारीक माणसांत इथं फसगत होते: मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि स्नायूच कमी असले तर मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा नॉर्मल दिसतो. म्हणून आजींचा साखरेचा रिपोर्ट काढाल तेव्हा क्रिएटिनिनही करा आणि त्याखाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज, छापलेला आहे का बघा. तो तीसच्या खाली असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही. तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असेल तर डोस डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगा.