दोन किलो अकिताकोमाची

जेवायला बोलावलेली माणसं येताना तांदूळ घेऊन आली तर काय करायचं असतं? म्हणजे करायचं काय असणार, थँक्यू म्हणायचं आणि आत ठेवायचा, तेच केलं. पण काल रात्रीपासून डोक्यात तेच चाललंय, आज सकाळी टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत चेपून उभा होतो तेव्हाही तेच, म्हणून आता लिहूनच काढतो.

काल दादा-वहिनी जेवायला आले, आणि दारातच वहिनींनी माझ्या बायकोच्या, सईच्या हातात पिशवी दिली. मला वाटलं नेहमीसारखा केक असेल, निशी-कासाई स्टेशनजवळच्या दुकानातला. बघतो तर दोन किलो तांदूळ. अकिताकोमाची, इथला नावाजलेला वाण. दोन झिपलॉकमध्ये हवा काढून नीट भरलेला, वर मास्किंग टेप आणि टेपवर वहिनींच्या अक्षरात 'नवा आहे, पाणी बोटभर कमी घाला'. आणि म्हणाल्या, "अहो, फुरुसातोचा दहा किलो आला ना आमचा, एवढा कुठे ठेवू, म्हटलं तुम्हालाही थोडा." फुरुसातो म्हणजे हव्या त्या गावाला देणगी द्यायची, गाव भेट म्हणून काही पाठवतं आणि देणगी बहुतेक टॅक्समधून वळती होते. वहिनी म्हणाल्या अगदी सहज, कोकणातून पेटी आली की लोक शेजारी आंबे वाटतात तसं.

आणि मला बरं वाटलं. हेच ते. संकोच नाही, राग नाही, 'कशाला वहिनी' हे पण तोंडातून जरा उशिराच निघालं, त्याच्या आधी मनात हिशोब होऊन गेला होता की दोन किलो म्हणजे सतराशे येन वाचले. आम्ही दोघं कमावतो. भाडं वेळेवर जातं, चिनूच्या शाळेची फी जाते, वर्षाकाठी इंडियाची तिकिटं निघतात, खाऊन-पिऊन सुखी म्हणतात त्यातले आम्ही. मग दोन किलो तांदळाने माझा जीव भांड्यात का पडावा?

सुरुवात झाली २०२४च्या ऑगस्टमध्ये. ८ तारखेला तो नानकाईच्या मोठ्या भूकंपाचा इशारा आला, त्यात ओबोनची, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाची सुट्टी तोंडावर, लोकांनी पाण्याचे बॉक्स आणि तांदूळ उचलला आणि सुपरमधली तांदळाची फळी मोकळी. त्या मोकळ्या फळीचा फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हसणारा इमोजी. तेव्हा वाटलं होतं नवं पीक आलं की होईल सुरळीत. नवं पीक आलं आणि भाव चढतच गेले. टीव्हीवर रोज एक कारण, २०२३चा उन्हाळा कडक गेला म्हणे, टुरिस्ट वाढले म्हणे, सरकारने वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना भात कमी लावा म्हणून सांगितलं म्हणे, सगळंच खरं असेल. २०२४च्या सुरुवातीला दोन हजार येनच्या आसपास असलेली पाच किलोची पिशवी २०२५च्या मे महिन्यात सव्वाचार हजारांच्या वर गेली. मग सरकारने गोदामातला जुना तांदूळ दोन हजारांत काढला, रांगा लागल्या, भाव जरा उतरला. हे लिहितोय तेव्हा २०२५चा नोव्हेंबर आहे, नवं पीक दुकानात आहे आणि पिशवी परत ४३००.

आईने परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंच, तुमच्याकडे तांदूळ केवढ्याला आहे आता. मी येनमध्ये सांगून बघितलं. ती म्हणाली रुपयात सांग. किलोला पाचशे. मला वाटलं कॉल हँग झाला, एवढा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "पाचशे? आणि आपला इंद्रायणी व्यापारी नेतो तेव्हा..." पुढे बोलली नाही. बाबा मागे कॉटवर बसले होते.

मी मावळातला. भात लावणीला चिखलात उतरलोय, पावसात इरलं घेऊन बसलेल्या आजीच्या शिव्या खाल्ल्यात. आमच्या घरात तांदूळ विकत आणायचा असतो हे मला कॉलेजला पुण्यात येईपर्यंत नीटसं माहीत नव्हतं, कणगीत असायचाच. ताई माहेराहून निघाली की तिच्या गाडीच्या डिकीत अर्धं पोतं, पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत दोन-चार किलो, नको म्हणायची सोय नाही. तांदूळ देणारी माणसं आम्ही. आता दुसऱ्याने दिलेला तांदूळ फळीवर ठेवतोय.

म्हणजे हा मानापमानाचा मामला आहे का? आज लंचला हेच धरून बसलो होतो, पटत नाही. मान दुखावला असता तर राग आला असता, निदान रात्री सईशी एखादं भांडण तरी झालं असतं. मला बरं वाटलं. फिरून फिरून तिथेच.

भात लावणं आमच्याकडे माझं काम आहे, बॅचलर असल्यापासून हात बसलाय. कुकरबरोबर तो पारदर्शक प्लास्टिकचा कप मिळतो ना, एक गो, १८० मिली, त्यात तांदूळ बसतो दीडशे ग्रॅम. पूर्वी मी शिगोशीग भरायचो, खाली सांडला तर सांडला. आता बोट फिरवून सपाट करतो आणि बोटाला चिकटलेले दाणे परत कपात झटकतो. हे कधी सुरू झालं मला सांगता येणार नाही. काल पाहुणे आलेले असतानाही तसंच केलं. वहिनी ओट्यापाशीच उभ्या होत्या, चिनूला पाणी देत होत्या. त्यांनी बघितलं का माहीत नाही. पण तांदूळ तर त्या आधीच घेऊन आल्या होत्या, म्हणजे बघायच्या आधीच त्यांना माहीत होतं. मंडळाच्या दिवाळीत मी तांदळाच्या भावावर कोणाशी तरी बोलत होतो, बराच वेळ बोलत होतो, आणि दादा शेजारीच चकली खात उभा होता. घरी जाऊन सांगितलं असणार, बिचारा फार टेन्शनमध्ये आहे. टेन्शनमध्ये आहेच की. पण ते एवढं दिसतं?

इथे पगार वाढले नाहीत असं नाही, थोडेफार वाढले. पण २०२०मध्ये शंभर येन पाठवले की सत्तरच्या आसपास रुपये व्हायचे, २०२४मध्ये मध्येच बावन्नच्या आसपास उतरले होते, या नोव्हेंबरात ५७-५८. गावच्या घराचा हप्ता रुपयात आहे, त्याला येनशी काही देणंघेणं नाही. सकाळी डोळे उघडले की आधी रेट बघतो, मग हवामान. बाबांच्या ऑपरेशनचं तर अजून... जाऊ दे.

जूनमध्ये त्या सरकारी तांदळाच्या रांगेत मी पण उभा होतो. शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, पुढेमागे सगळ्या आज्ज्या, एका कुटुंबाला एक पिशवी अशी पाटी. कोणी काही बोललं नाही, इथे कोणी बोलत नाहीच. पण जुलैच्या निवडणुकीत एका पक्षाचं ते 'जपानी फर्स्ट', म्हणजे आधी जपानी माणूस, सुरू झालं आणि स्टेशनबाहेर भोंगा लागला की मला ती रांग आठवायची. अडीनडीला म्हणून साठवलेला ह्यांचा तांदूळ, आणि त्याच्या रांगेत मी. आता टॅक्स मी पण भरतो, पेन्शनचा हप्ता आजवर एक दिवस चुकवला नाही, पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करायचाय म्हणून तर डोळ्यात तेल घालून. व्हिसा रिन्यूअलची फी २०२५च्या एप्रिलमध्ये चारची सहा हजार येन झाली, त्यानंतर आणखी बरीच वाढवणार अशा बातम्या आल्या. सई म्हणते बातम्या बघणं बंद कर. बरं.

लोक सल्ले देतात. कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ घे, इंडियन स्टोअरचा बासमती घे. बासमतीवर वरण ओतलं की ते एका बाजूला आणि दाणे दुसऱ्या बाजूला, मला नाही जमत. मावळचा चिकट भात खाऊन वाढलेल्या माणसाला ह्या देशात निदान भाताचं तरी परकं वाटलं नव्हतं, आता तेवढंही महाग करून ठेवलं. बॅगेतून इंद्रायणी आणावा म्हटलं तर प्लांट क्वारंटाइनचे कागद. बाबांनी पिकवलेला तांदूळ पोराला पोचवायचा तर सरकारी शिक्का पाहिजे!

इथपर्यंत लिहिल्यावर मलाच माझी कीव यायला लागली आणि मग तो मे महिन्यातला शेतीमंत्री आठवला. एतो. भर भाषणात म्हणाला, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक इतका आणून देतात की विकायला काढता येईल. तीन दिवसांत मंत्रिपद गेलं बिचाऱ्याचं. आख्खा देश पिशव्यांच्या किमती बघून हबकलेला आणि हा म्हणतो मला फुकट येतो. तेव्हा ऑफिसात मी पण त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, माझ्या जपानी टीमबरोबर, एवढी एकी आमच्यात एरवी कधी होत नाही. आणि आता बघा, मलाही लोक घरी आणून देतात. राजीनामा द्यायला माझ्याकडे खुर्ची नाही एवढंच, घरात एक आहे, तिचं एक चाक गेलंय.

हसू आलं खरं. सईने विचारलं काय झालं, सांगितलं, तिला एवढं नाही आलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे जास्त होता, त्यांनी दिला, तुला आवडला, ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?" काही नाही बहुतेक.

संध्याकाळी त्याच तांदळाचा भात लावला. पाणी बोटभर कमी. कप सपाटच केला, ते काही सुटलं नाही. झाकण उघडलं तर वाफेत दाणे चकचकीत उभे, इंद्रायणीचा वास नाही पण मऊपणा जवळपास तोच. वरण, लिंबू, तूप. चिनूने परत मागितला तेव्हा मी डाव भरून वाढला. (तुपाचा भाव हा वेगळा विषय आहे, त्यावर आज नाही.)

आता प्रश्न त्या झिपलॉकचा. आई म्हणायची शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. सई म्हणते झिपलॉक कोण परत करतं. पण वहिनींनी त्या जाड, चांगल्यातल्या वापरल्यात, टाकवत नाहीत. दिवाळीचं फराळाचं काही उरलेलं नाही, चिवड्याचा चुरा आहे तळाशी, तो देणार का?

जेवणं झाल्यावर सईने लॅपटॉप पुढे सरकवला, आपण पण फुरुसातो करून टाकू म्हणाली. दरवर्षी मी कंटाळा करतो, टॅक्स रिटर्न न भरता सूट मिळवायचा तो वन-स्टॉपचा फॉर्म, माय नंबर कार्डाची (आपल्या आधारसारखं) कॉपी, किती देणगी चालेल त्या लिमिटचं गणित. दोन हजार येन आपल्या खिशातले, बाकीचे पुढच्या टॅक्समधून वळते, एवढं सरळ आहे पण नाही झालं. सप्टेंबरअखेर देणगीवर मिळणारे पोर्टलचे बक्षीस-पॉइंट बंद होणार म्हणून सगळ्यांनी तेव्हाच उरकलं, दादाने पण, आम्ही आत्ता जागे होतोय. डिसेंबर संपायच्या आत केलं की चालतं तसं. यामागाताच्या कुठल्याशा गावाचा दहा किलो त्सुयाहिमे तांदूळ निवडला, पैसे भरले, मग खाली बारीक अक्षरात दिसलं की पाठवणी मार्चमध्ये.

तोवर आठवड्यातले चार दिवस पोळ्या, असं सईने जाहीर केलंय. लाटायच्या कोणी ह्यावर अजून बोलणं झालेलं नाही.