जेटी ते जेटी, सहा पानं

सकाळची फेरीबोट दाभोळची जेटी सोडते तेव्हा माझं पुस्तक उघडलेलं असतं. धोपाव्याला लागेपर्यंत सहा पानं होतात. वारा असला आणि पानं फडफडत राहिली तर पाच. संध्याकाळी परत येताना पुन्हा सहा. आठवड्याचे सहा दिवस मी ही खाडी ओलांडते, म्हणजे सत्तरेक पानं झाली. अकरा वर्षं झाली आता. पलीकडे गुहागरला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. रस्त्याने जायचं म्हटलं तर पार चिपळूणचा वळसा, त्यामुळे ही बोट आहे म्हणून नोकरी आहे, आणि खरं सांगायचं तर वाचनही बोटीमुळेच टिकलं.

ओळखीच्या बायका विचारतात, घर, नोकरी, सासूबाईंचं दुखणं-खुपणं, यात तू वाचतेस कधी? माझ्या वाचनाच्या जागा ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक जागेचं पुस्तक वेगळं आहे. एका जागेचं पुस्तक दुसरीकडे न्यायचं नाही, हा नियम मी पाळते. सध्या कुठे काय चाललंय ते सांगते. तुमच्याकडे काय चाललंय ते ऐकायला मला फार आवडेल.

स्वयंपाकघरात, फडताळात हळदीच्या डब्याशेजारी, आरती प्रभूंचं ‘दिवेलागण’ आहे. पहाटे चहाला उकळी येईपर्यंत एक कविता. कळली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच. एक कविता मी सलग नऊ दिवस वाचली. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याकडचे. कुडाळला त्यांच्या घरची खानावळ होती हे वाचलं तेव्हापासून ते पुस्तक कपाटातून काढून इथे आणलं. गिऱ्हाइकांची ताटं, हिशेब, धूर, आणि त्यातच या ओळी सुचत होत्या. ओट्यापाशी उभं राहून वाचताना त्या मला जास्त जवळच्या वाटतात.

धोपाव्यापासून पुढे एसटी. वळणांच्या रस्त्यावर वाचलं की मळमळतं, म्हणून तिथे पुस्तक बंद.

बोटीवर श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ चाललंय. दोन जाड खंड आहेत, १९८७ साली आलेले. पहिला फेब्रुवारीत घेतला वाचनालयातून, आता दुसऱ्याच्या मध्यावर आहे. ही कादंबरी मी वीस वर्षांपूर्वी पुण्याला शिकत असताना वाचली होती, चार रात्री जागून. तेव्हा लक्षात राहिली ती गोष्ट. आता पाणी लक्षात येतंय. तुंबाड जगबुडीच्या काठचं. खेडकडून येणारी जगबुडी वरच्या अंगाला वाशिष्ठीला मिळते आणि दोघींचं पाणी माझ्या बोटीखालून समुद्राला जातं. पुस्तकातल्या नदीचं पाणी रोज दोनदा ओलांडत ते पुस्तक वाचायला मिळणं, याहून मोठं भाग्य वाचणाराला काय असणार! पावसाळ्यात खाडी लाल होते, वरून ओंडके, माडाच्या झावळ्या वाहत येतात. तेव्हा मान वर करते आणि वाटतं, हे तिकडूनच येतंय.

पण ही कादंबरी यंदा मी एकटीने वाचलेली नाही, आणि आज लिहायला बसले ते त्यासाठीच.

बोटीवर एक मावशी असते. दाभोळच्या बंदरावरून मासळी घेते आणि पलीकडच्या वाड्यांवर विकते. पाटीत बर्फ, वर ओलं गोणपाट, खाली बांगडे नाहीतर मांदेली. मार्चमध्ये एकदा तिने विचारलं, “रोज येवडं काय वाचतंस गो?” मी म्हटलं, खोतांची गोष्ट आहे. “मंग सांग की.” त्या दिवसापासून जाताना मी वाचते आणि परतताना, तिची पाटी रिकामी झालेली असली की, सकाळची सहा पानं तिला सांगते. हळूहळू आणखी माणसं सरकून जवळ बसायला लागली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा. बोटीवर दोरखंड टाकणारा खलाशी, तो काम झालं की कठड्याला टेकून ऐकतो.

सांगायचं म्हणून वाचायला लागल्यावर माझं वाचनच बदललं. आधी मी वाक्यावरून घसरत जायची. आता प्रत्येक माणूस नीट ओळखीचा करून घ्यावा लागतो, कारण संध्याकाळी मावशी विचारणार, हा कोणाचा कोण? पिढ्यांची कादंबरी, माणसं भरपूर. पतसंस्थेच्या जुन्या डायरीत मी खोतांची वंशावळ काढून ठेवलीय, शिसपेन्सिलीने, कारण दोनदा खोडावी लागली.

जूनला मावशी यायची थांबली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस. बंदर सुनं. बाकीचे होते, पण ते म्हणाले, ती आल्याबिगर पुढे नको. मी मात्र वाचत राहिले, पुस्तक परत द्यायची तारीख होती. आता नारळी पौर्णिमा झाली, मावशी परत आली आणि बोटीत पाटी ठेवता ठेवताच म्हणाली, “खोतांचं काय झालं?” पाचेकशे पानं साचली होती! रोज थोडी थोडी करून फेडतेय.

त्यातच गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ ऐकत बसले होते. हातात काठी, डोक्याला टॉवेल, लेकीकडे चालले होते. मी वाड्याचं वर्णन सांगत होते. ओटी, पडवी, माजघर. ते मध्येच म्हणाले, “आमचा आजा कदी खोताच्या पडवीत नाय चढला. आंगणातच. भाताची अर्धेल, पिकाचा अर्धा वाटा, घालायला जायाचा. आनि वर फुकटची वेठ.” सगळे गप्प झाले. इंजिनाचा आवाज तेवढा. मग त्यांनी मला विचारलं, “त्यांचं हाय काय, पुस्तकात?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या रात्री दोन्ही खंड पुढ्यात घेऊन बसले (पहिला मुद्दाम पुन्हा आणला). पेंडशांनी खोतांना पाठीशी घातलेलं नाही, त्यांचा माज, त्यांची पापं, त्यांची पडझड, सगळं आहे. तरीही गोष्ट वाड्यातून सांगितलेली आहे, अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाकडून नाही. हा कादंबरीचा दोष मी म्हणणार नाही. लेखक जिथे उभा असतो तिथलंच त्याला नीट दिसतं, आणि पेंडसे या दापोलीकडच्या मातीतले, मुर्डीचे, त्यांनी जे दाखवलं तसं कोणी दाखवलेलं नाही. पण वीस वर्षांपूर्वी अंगणाचा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा नव्हता, आणि आता तो आल्यावाचून एक पान उलटत नाही.

म्हणून डायरीत वंशावळीसमोरच्या पानावर दुसरी नोंद सुरू केलीय. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारा हक्कदार, कुळांकडून घ्यायचं ते मात्र त्याहून कितीतरी जास्त. अलिबागजवळ चरीला कुळांनी शेतं कसायचीच थांबवली, १९३३ ते १९३९, सहा वर्षांचा संप, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. शेतकऱ्यांनी सहा वर्षं आपल्याच हाताने आपली शेतं पडीक ठेवायची म्हणजे घरात काय खाल्लं असेल! डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे इथून फार लांब नाही, लहानपणीची काही वर्षंही दापोलीत गेली. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. शाळेत हे मी सनावळीसारखं पाठ केलं असेल. अर्धेल हा शब्द माणसाच्या तोंडून ऐकला तो बोटीवर. आता वाचनालयात चरीच्या संपावर जे मिळेल ते मागून ठेवलंय. ते आलं की बोटीवर तेच वाचणार, आणि त्या बाबांची गाठ पडायला हवी, त्यांना सांगायचंय.

पावसाळ्यातल्या पुस्तकांबद्दल थोडं, कारण कोकणात राहणाऱ्या वाचणाराला हे रोजचं आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणात पुस्तकाचं पान बोटाला गार आणि जड लागतं, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, आणि कपाटाच्या कोपऱ्यात कसर, ती चंदेरी, सरसर पळणारी. मी डांबराच्या गोळ्या ठेवत नाही, पानांना तो वास कायमचा लागतो. वेखंडाचा तुकडा कापडाच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक कप्प्यात एक. बोटीवरचं पुस्तक झिपच्या पिशवीत. तरी जुलैत उधाणाच्या दिवशी एक फवारा थेट उघड्या पानांवर आला. वाचनालयाचा खंड, माझा जीव खाली-वर. घरी आल्यावर दर आठ-दहा पानांमध्ये कोरा कागद घातला (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), दर दोन तासांनी कागद बदलले, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवलं. उन्हात अजिबात नाही, बांधणी उकलते. चार पानं थोडी सुरकुतली, बाकी सुखरूप.

एवढ्याशा पाण्याने माझी ही गत, आणि २२ जुलै २०२१ला याच वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं होतं. १८६४ सालचं वाचनालय. त्या वेळी चिखलात भिजलेल्या पुस्तकांचे फोटो पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता रात्रीची जागा. सासूबाईंच्या खाटेशेजारी, नऊ वाजता. तिथे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हे मी मोठ्याने वाचते. गेल्या वर्षी आईंना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा सुरू केलं. आई चौथी शिकलेल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचला, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्याचा, तेव्हा आई उठून बसल्या. “अगो, आमची आत्या अशीच. सरपण धुवायची!” आणि मग त्या आत्याच्या गोष्टी साडेदहापर्यंत. त्या रात्री पुस्तक दीडच पान पुढे गेलं. लग्नानंतर लक्ष्मीबाई अक्षरं शिकतात तो भाग त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मेमध्ये झाली. जूनमध्ये चष्मा आला. आता आई पंचांग वाचतात, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचतात, परवा मीटरचं बिल वाचून मला आकडा सांगितला. मी म्हटलं, आई, आता ‘स्मृतिचित्रे’ तुमचं तुम्हीच वाचा, दुपारी वेळही असतो. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि उशी सारखी केली.

“कुठवर आलो होतो गो?”